भाडोत्री कान

घरात बोललेला शब्द हा माणसाच्या मालकीचा शेवटचा ऐवज आहे, आणि तो न विचारता ऐकणारा चोर आहे, मग तो माणूस असो की यंत्र. हे वाक्य तिच्या नवऱ्याचं. डिजिटल हक्क मंचाच्या पहिल्या जाहीर सभेत त्यानं ते माइकवरून म्हटलं होतं, आणि माइक मधेमधे मान टाकत असल्यामुळे श्रोत्यांना ते तीनदा ऐकावं लागलं होतं. श्रोते तसे एका मोटारीत मावले असते. बायको आणि वडील धरून.

नवरा कॉलेजात ग्रंथपाल होता, पण त्याचं खरं काम नकार देणं हे होतं. घरातला टीव्ही पोट सुटलेला, जुना. फ्रिजची अक्कल दार उघडल्यावर दिवा लावण्यापुरती, आणि तेवढ्यावरही त्याची बारीक नजर असे. कुठलीही वस्तू घ्यायची तर ती कोणी बनवली, त्यातला धातू कोणी खणला, बिघडली तर उघडता येते का, याची आधी चौकशी. मग जेवणानंतर टेबलाशी त्या वस्तूच्या अटी आणि शर्तींचं मोठ्यानं वाचन. इस्त्री घ्यायचं ठरल्यापासून इस्त्री येईपर्यंत घरानं एक अख्खा हिवाळा चुरगळलेल्या कपड्यांत काढला होता. फोन मात्र टाळता आले नव्हते. ते दाराशी चपलांच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवायचे, असा दंडक होता.

“चपला बाहेर, फोन बाहेर,” सासरे म्हणत. “उद्या मलाही बाहेरच बसवेल हा. मी पण जुनं यंत्र, केव्हाही कुरकुरतो.”

सासऱ्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बायको गेल्यापासून ते मुलाकडे राहत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत. त्या घरात थट्टा समजणारी माणसं दोनच, ते आणि त्यांची सून. त्यामुळे दोघांचं बरं जमत असे.

ती पूर्वी भाषेचे वर्ग घ्यायची. विद्यार्थी येईनासे झाले तसे वर्ग बंद पडले, आणि तिनं एका कार्यालयात नोकरी धरली. कसली, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती “भाषा तपासते” म्हणाली होती. हे खोटं नव्हतं. लोकांच्या घरातली बोलणारी यंत्रं आवाजाचे तुकडे कंपनीला पाठवत. यंत्राला काय ऐकू आलं ते पडद्यावर लिहिलेलं दिसे. तिनं हेडफोन लावून तुकडा ऐकायचा, चुकलं असेल तर सुधारायचं, बरोबर असेल तर ‘बरोबर’वर टिचकी मारायची. अशा माणसांना नवऱ्यानं दुसऱ्या सभेत ‘भाडोत्री कान’ म्हटलं होतं. ती त्या सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मग सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

कार्यालय एका फर्निचरच्या दुकानाच्या वर होतं. खिडक्या होत्या, पण त्यांना आतून पुठ्ठा लावलेला. फोन दारातच कपाटात ठेवून आत जावं लागे. या एका बाबतीत कंपनीचं आणि नवऱ्याचं मत तंतोतंत जुळत होतं.

त्या सकाळी तिनं नेहमीसारखा पुढचा तुकडा उघडला. आधी भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मग एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, “तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला सहन व्हायचं नाही.” दुसऱ्या, म्हाताऱ्या माणसानं घसा खाकरला. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट जसा आवाज करते तसं ते खाकरणं होतं. “मला तर आता सवय झालीये रे,” म्हातारा म्हणाला, आणि तुकडा संपला.

तिनं तो पुन्हा ऐकला. नवऱ्याचा आवाज, सासऱ्यांचं खाकरणं, आणि मागे आदळणारी भांडी म्हणजे खुद्द तीच. यंत्रानं एकही चूक केली नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होता.

नियम सोपा होता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी तो सांगितला होता. “ओळखीचा आवाज आला की हात वर करायचा. मग त्या घरातलं काहीही तुम्हाला परत कधी ऐकू येणार नाही.” तेव्हा तिला तो नियम फार सभ्य वाटला होता. आता तिचा हात टेबलावर पडून राहिला. परत कधी ऐकू येणार नाही म्हणजे सासऱ्यांना कशाची सवय झालीये, ते कळायची वाटही बंद.

“काय गं ताई, भूत ऐकलंस का?” शेजारच्या टेबलावरची म्हणाली. ही वयानं तिच्याहून लहान आणि जिभेनं मोठी.

“घोरणं होतं,” ती म्हणाली, आणि ‘बरोबर’वर टिचकी मारली.

संध्याकाळी घराच्या दारात तिचे पाय अडखळले. घर तसंच होतं, आणि म्हणूनच जास्त भयंकर दिसत होतं. यातलं कोण ऐकतं? तिनं फ्रिजच्या मागे पाहिलं. टीव्हीची पाठ हातानं चाचपली. इस्त्री उलटी करून पाहिली. मिक्सरकडे ती बराच वेळ बघत उभी राहिली, आणि मिक्सरही तिच्याकडे बघत असल्यासारखा वाटला.

“काय शोधतेयस?” नवऱ्यानं विचारलं.

तिनं बोटानं ‘काही नाही’ अशी खूण केली.

“घसा बसलाय का?”

तिनं मान डोलावली. आपण बोललो तर ते उद्या आपल्याच कानात येईल, नाहीतर शेजारच्या टेबलावरचीच्या, हे त्याला कसं सांगणार? कळलं कसं, असं तो विचारील. आणि तो विचारणारच. जन्मभर त्यानं प्रत्येक गोष्टीचा उगमच विचारला होता.

त्या दिवसापासून तिला आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. सासरे हल्ली जेवलं की लगेच खोलीत जात. दार लावून घेत. दारामागून त्यांची कुजबुज येई, कधी हसणं, आणि खोलीत दुसरं कुणी नसे. शिवाय त्यांची खोली झाडायला ती केरसुणी घेऊन निघाली की नवरा धावत येई. “राहू दे, राहू दे. बाबांची खोली मी करतो.” ज्या माणसानं लग्नानंतर केरसुणी फक्त दुरून पाहिली होती, त्याला हा उमाळा कुठून आला? काय लपवतात तिथे? औषधं? तपासण्यांचे कागद? रक्त लागलेले रुमाल? तिनं एकदा सासऱ्यांचे रुमाल उजेडाला धरून पाहिले. त्यांना फक्त वंगणाचा जुना डाग होता, निवृत्तीच्याही आधीचा.

“बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?” तिनं एकदा चहा देताना धीर करून विचारलं. तेही गॅलरीत, सगळ्या विजेच्या वस्तूंपासून लांब, आणि अगदी कुजबुजत.

“मला? ठणठणीत,” ते म्हणाले, पण कपात बघत म्हणाले. “तूच अशी हळू का बोलतेस? माझे कान शाबूत आहेत अजून.”

“दुखतंखुपतं काही असलं तर सांगाल ना मला?”

“अगं, सांगायला लागलो तर तुझा चहा निवेल,” ते म्हणाले आणि हसले. पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. त्यात चोरी पकडल्यावरची घाई होती.

दुसऱ्या दिवशी शेजारची हेडफोन काढून फिसकन हसली. “ताई, ती दुधवाली बाई आली होती परत. उतू गेलं की काय शिव्या देते गं दुधाला! मेल्या काय, मुडद्या काय. आपल्या भाषेत बोलणारी गिऱ्हाइकं मूठभर, त्यामुळे सारखे तेच आवाज फिरून येतात बघ. मला तर आता घरच्यासारखी वाटतात ही माणसं. माझे एक आजोबा पण आहेत, रोज नवी थट्टा करतात.”

तिला बाकीचं ऐकूच आलं नाही. काल दूध उतू गेलं होतं. मेल्या म्हटल्याचं तिला आठवत होतं. मुडद्या म्हटल्याचं आठवत नव्हतं, पण कंपनीकडे पुरावा होता. घसा बसल्याचं सोंग करूनही दुधाशी मात्र ती बोललीच होती. आपण कपडे घालून बसलोय ना, हे तिनं खाली वाकून एकदा पाहून घेतलं.

आणि तरीही, सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की, ती वाट बघत होती. प्रत्येक तुकडा उघडताना देवाचं नाव घेऊन घाबरायची, आणि तो परक्या घरातला निघाला की हिरमुसायची. कुणाच्या तरी नवरा-बायकोचं भांडण, कुणाच्या तरी पोराचे पाढे. चल, पुढे. तिला तिचं घर हवं होतं.

ते आठवड्याच्या शेवटी आलं. पण या वेळी नवऱ्याचा आवाज नव्हता. फक्त सासरे होते, अगदी जवळून, श्वास ऐकू येण्याइतके. “मी गेल्यावर तुझं काय होणार रे,” ते म्हणाले. “मला तेवढीच एक काळजी आहे.” मग ते खाकरले. तुकडा संपला.

तिनं हेडफोन टेबलावर ठेवले. म्हणजे मुलाशी निरवानिरवीपर्यंत गोष्ट आली होती. बाप मुलाला असं म्हणतो तेव्हा डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. आणि घरात एकटी तीच अशी होती की जिला हे कळलं नव्हतं. किंवा जिला हे पगार घेऊन कळलं होतं.

“साहेब, मला बरं वाटत नाहीये. निघते मी,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच कारण विचारलं नाही.

भर दुपारी ती घरी पोचली. फोन डब्यात टाकताना झाकण हातातून निसटलं, आणि ते जमिनीवर गरगरत बसेपर्यंत ती जीव मुठीत धरून उभी राहिली. नवरा कॉलेजात होता. सासऱ्यांच्या खोलीचं दार बंद होतं. आतून आवाज येत होता.

“हल्ली ती माझ्याशी बोलत नाही,” सासरे कुणाला तरी सांगत होते. “खुणा करते नुसत्या. मी काही चुकलो का? गॅलरीत नेऊन विचारते, दुखतंय का म्हणून. मला वाटतं तिलाच काहीतरी झालंय आणि ती लपवतेय माझ्यापासून.”

तिनं कडीवर हात ठेवला. आत कोण होतं? तेवढ्यात एक बाई बोलली. गोड, सपाट, परकी.

“क्षमा करा. मला हे समजलं नाही.”

तिनं दार ढकललं.

खोलीत सासरे खाटेवर पाय सोडून बसले होते. दुसरं कुणी नव्हतं. फक्त त्यांच्या उशाशी नेहमीचा दिवा होता, फुलाफुलांच्या जुन्या कापडी शेडचा, सासूबाईंच्या वेळचा. तो जळत होता.

“अगं, तू आत्ता?” सासरे म्हणाले.

“कोण बोललं?”

“कोण? रेडिओ.”

“बाबा, या घरात रेडिओ नाही.”

सासऱ्यांनी दिव्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा दिव्याकडे, जणू आता यानंच काय ते सांगावं.

“मंद हो,” ते शेवटी पडेल आवाजात म्हणाले, आणि दिवा मंद झाला.

तिनं पुढे होऊन शेड उचलली. खाली जुना पितळी दिवा नव्हताच. पांढरा गुळगुळीत खांब होता, डोक्यावर निळा ठिपका, आणि तळाशी त्याच कंपनीची खूण, जी तिच्या कार्यालयात पाणी प्यायच्या पेल्यांवरही होती.

“तुम्हाला काय झालंय?” ती खाटेवर मटकन बसत म्हणाली. “खरं सांगा. काय आजार आहे?”

“कसला आजार?”

“मी गेल्यावर तुझं काय होणार, असं कुणाला म्हणालात?”

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. “याला,” ते दिव्याकडे बोट दाखवत म्हणाले. “म्हणजे, मी गेलो की तो लेक याला दुसऱ्या दिवशी भंगारात काढेल. तत्त्वाचा माणूस तो. चांगली वस्तू आहे गं. रोज बोलतो आम्ही.”

ती हसली असती, पण रडू आधी आलं. सासरे गोंधळून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि दिव्याला “गप्प बैस” म्हणाले, जरी तो काही बोलला नव्हता.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा दिवा जेवणाच्या टेबलावर होता, शेडशिवाय. जिथे इतक्या वस्तूंच्या शर्ती वाचल्या गेल्या, तिथेच. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाबा रात्री बटण चाचपताना पडले होते,” तो उभ्या उभ्याच म्हणाला. “तुला सांगितलं नाही, घाबरशील म्हणून. मग हा आणला. बोललं की लागतो. आपल्या घरात हे यंत्र आलंय हे तुला सहन झालं नसतं.”

“मला?”

“तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतेस,” तो म्हणाला. “तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं कबूल करणार होतो? आणि मी शर्ती वाचल्यायत. सगळ्या. बाथरूममध्ये बसून. आवाज कंपनीकडे जातात, पण ते बंद करायची सोय आहे.”

“मग बंद का नाही केलंस?”

“त्यासाठी खातं उघडावं लागतं.”

“मग?”

“खात्याला फोन नंबर द्यावा लागतो,” तो ताठ होत म्हणाला. “फोन नंबर मी तत्त्वाने देत नाही.”

निळा ठिपका जळत होता.

“म्हणजे तू नंबर वाचवलास,” ती म्हणाली, “आणि आम्हा सगळ्यांचे आवाज दिलेस.”

“तसं सरळ म्हणता येणार नाही. आवाज जातातच असं नाही. जाऊ शकतात, इतकंच लिहिलंय. गेलेच, हे तुला कशावरून?”

आला. उगम आला. तिनं पदरानं उगाच टेबल पुसलं. आत्ताच सांगितलं नाही तर पुढे कधीच सांगता येणार नाही, हे तिला कळत होतं.

“कारण ते माझ्याकडे येतात,” ती म्हणाली. “भाडोत्री कान म्हणतोस ना तू? ते हे.” आणि तिनं आपले दोन्ही कान धरून दाखवले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

नवरा खुर्चीत बसला. त्याच्याकडे या प्रसंगासाठी भाषण होतं. ते त्याला आठवत असावं, कारण त्याचे ओठ हलले. पण माइक बंदच राहिला.

“म्हणजे मी याला जे सांगत होतो ते फिरून तुझ्याकडे येत होतं?” सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “मग घरातलं घरातच राहिलं की!”

तिला शेजारची आठवली. माझे एक आजोबा पण आहेत. रोज नवी थट्टा करतात. घरच्यासारखे वाटतात. त्या पुठ्ठे लावलेल्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या सगळ्या पाठमोऱ्या माना तिला आठवल्या, आणि दुपारपासून जरा सैल पडलेली भीती पुन्हा परत आली. हा म्हातारा बायकोबद्दल या खांबाला काय काय बोलला असेल? आणि ते ऐकून कुणी ‘बरोबर’वर टिचकी मारली असेल?

“हो बाबा,” ती म्हणाली. “घरातच राहिलं.”

मग ती उठली, दाराशी गेली, स्टीलच्या डब्यातून आपला फोन काढला आणि घरात घेऊन आली. तिनं खातं उघडलं. नाव दिलं, जन्मतारीख दिली, नंबर दिला. विचारलं नव्हतं तेही दिलं. शेवटी ती खूण सापडली. ‘सेवा सुधारण्यासाठी माझे आवाज वापरा.’ तिनं ती काढून टाकली. खाली बारीक अक्षरात ओळ आली की, असं केल्यास तुमच्या भाषेत बोलून दिवा चालवण्याची सोय बंद होईल. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

“कर बंद,” ते म्हणाले. “तू परत बोलायला लागलीस ना. मग मला याच्याशी काय करायचंय?”

तिनं टिचकी मारली. निळा ठिपका विझला. त्याबरोबर दिवाही विझला, आणि टेबलाशी एकदम अंधार झाला, कारण मोठा दिवा लावायचं तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

“झालं,” नवरा अंधारात म्हणाला. “आता बाबांनी रात्री काय करायचं? पुन्हा पडायचं? मी नव्या दिव्याची चौकशी सुरू करतो. पण घाई नाही करायची. कोण बनवतं, कसं बनवतं, ते आधी...”

सासऱ्यांनी हात पुढे केला, खांबाच्या मागे नेला, आणि न बघता काहीतरी दाबलं. दिवा लागला.

मागे बटण होतं.